काकूचा अंगठा आणि माझा नंबर

तुमच्या आईच्या बँक खात्यावर कोणाचा मोबाईल नंबर लिहिलेला आहे, हे तुम्हाला पासबुक न उघडता सांगता येईल का?

मला आलं नसतं. आईचं जाऊ द्या, ज्या बाईच्या फॉर्मवर मी माझ्या हाताने माझाच नंबर लिहिला होता, तिचंही मी विसरून गेले होते. ती आमची शेजारीण. मी तिला काकू म्हणते.

देऊळघाटात काकूचं अर्ध्या एकराचं वावर आहे. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. दुपारी भाजी काढायची, संध्याकाळी ओसरीत बसून जुड्या बांधायच्या आणि सकाळच्या ऑटोने बुलढाण्याच्या बाजारात न्यायच्या. तीस वर्षं ती बाजारात जमिनीवर पोतं अंथरून बसते. पलीकडे सिमेंटचे ओटे आहेत, वर पत्रा असलेले. ओट्यावर बसणारीला ऊन लागत नाही, आणि गाय येऊन पालकात तोंड घालत नाही. यंदा एक ओटेवाली म्हातारी बाजार सोडून कायमची मुलाकडे चालली होती. जाण्याआधी तिने काकूला बोलावून सांगितलं, "पुढच्या रविवारपर्यंत तुह्यासाठी ठेवतो. मंग मले कोनालेही द्या लागन."

ओट्यासाठी लागणारे पैसे काकूजवळ होते. फक्त ते बँकेत होते. आणि बँकेत ठेवायला मीच सांगितलं होतं.

मी अकरावीत असताना शाळेच्या व्हरांड्यात एका बँकेचा कॅम्प लागला होता. माझे वडील तेव्हा सायकलवर फिरून पत्रकं वाटायचे. कधी पाण्याची, कधी रेशनची, कधी मजुरीची. मी बाराखडी पाठ्यपुस्तकाच्या आधी त्या पत्रकांवर गिरवली. तोंडी बोलण्याला किंमत नसते, जे काय ते लेखी मागा, हे मला लहानपणीच पाठ झालं होतं. त्यामुळे कॅम्पात गल्लीतल्या बायका अंगठा पुढे करून उभ्या होत्या आणि मी पेन घेऊन फॉर्म भरत होते. मोबाईल नंबरच्या चौकटी आल्या. सात जणींकडे फोन नव्हता. मी सातही फॉर्मवर माझा नंबर लिहिला. त्याखाली एक चौकट होती, खात्याचे मेसेज हवेत का. मी खूण केली. काकूने विचारलं, "हे काय केलं?"

"मेसेज येतील काकू. पैसा आला, गेला, सगळ्याचा लेखी पुरावा."

"मंग कर बाई. तू शिकेल हायेस."

त्या मेसेजचे दर तीन महिन्यांनी पैसे कापले जातात, हे फॉर्मवर कुठेतरी असणार. मी वाचलं नाही. सगळ्यांना वाचा वाचा म्हणत फिरणाऱ्या मुलीने ते वाचलं नाही. पुढे कॉलेजला गेल्यावर स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून मी दुसरं सिम घेतलं आणि जुनं टेबलाच्या खणात टाकून दिलं. त्या नंबरात सात बायका आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून परत पहिल्या. पासबुक छापायचं मशीन बंद होतं. त्यावर चिकटवलेला 'बंद' लिहिलेला कागद पिवळा पडला होता. काउंटरवरच्या साहेबाने काकूचा खाते नंबर टाकला आणि स्क्रीनकडे पाहतच म्हणाला, "खातं बंद आहे. केवायसी केली नाही तुम्ही. पैसे निघणार नाहीत."

"हे कोणी सांगितलं तिला?" मी विचारलं.

"बँकेने मेसेज पाठवले ना, चार वेळा."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तो नंबर मी पाहिला. आपलंच जुनं अक्षर भलत्या ठिकाणी सापडावं तसं झालं. त्याच स्क्रीनवर खाली ओळीने कपाती होत्या. मेसेजची फी, त्यावर कर. सुरुवातीला शिल्लक कमी होती तेव्हाचा दंड, त्यावर पुन्हा कर. शेवटची कपात मागच्याच आठवड्यातली होती.

काकूला वाचता येत नाही, पण स्क्रीनवरून माझं बोट फिरलेलं तिला कळतं. "हे काय हाय खाली?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती खिडकीत वाकून म्हणाली, "साहेब, मले द्याले खातं बंद, अन् कापाले चालू, हे कसं?"

"ते सिस्टीम कापते, मावशी."

"मंग सिस्टीमले बाहेर बोलवा. मी बोलतो तिच्याशी."

रांगेतले दोघे-तिघे हसले. साहेबही हसला, आणि अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं. काकूने अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला, जुळला नाही. मी तिच्या हाताला व्हॅसलीन लावलं, पाण्याने धुवून आणला, डावा लावून पाहिला. लाल दिवा लागत राहिला.

जुडी बांधताना सुतळीचा फास अंगठ्याने दाबून ओढायचा असतो. दिवसाला शे-दीडशे जुड्या, तीस वर्षं. काकूच्या अंगठ्याला रेषा उरलेल्याच नाहीत, नुसतं गुळगुळीत कातडं आणि मधून एक खाच. अंगठाच तिची सही, आणि तोच तिच्या कामाने पुसला गेला होता.

"काय काम करता?" साहेबाने विचारलं.

"भाजी बांधतो."

"चार दिवस बांधू नका. रेषा वर येतात. शुक्रवारी या."

म्हणून चार दिवस जुड्या मी बांधल्या. काकू समोर बसून सांगायची, फास असा घे, देठ एका बाजूला कर. स्वतःचा हात ती मांडीखाली दाबून बसायची, चुकून सुतळीकडे जाऊ नये म्हणून. सवयच तशी, दोनदा गेलाच. रात्री ती अंगठ्याला खोबरेल लावून त्यावर चिंधी बांधायची. माझ्या जुड्या बाजारात ऑटोतून उतरवतानाच सुटायच्या. एक गिऱ्हाईक म्हणाली, "काऊन वं, आज कोन्या नवऱ्या मुलानं बांधल्या का जुड्या?" काकूने तिला सुटलेल्या मेथीवर चिमूटभर सांबार जास्त घातला आणि म्हणाली, "पोरगी कॉलेजात शिकते, तिले गाठ मारता येत नाई." ते गिऱ्हाइकासाठी होतं. तरी मला लागलं. तिच्या फॉर्मवरची गाठ मीच मारली होती, आणि तीही मला सोडवता येत नव्हती.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "रविवार किती दिवस राह्यला?" मी सांगायचे. ती बोटांवर पुन्हा मोजायची.

शुक्रवारी तिसऱ्या वेळेला हिरवा दिवा लागला. काकूने अंगठा उचलून स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. साहेब म्हणाला, "झालं. आता नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी गेला असेल, तो सांगा."

मी म्हणाले, तो नंबर आता माझ्याकडे नाही, बदलून द्या. तो म्हणाला, बदलायचा तर त्यालाही जुन्याच नंबरवर ओटीपी जातो.

मी तिथेच उभी राहून माझ्या जुन्या नंबरला फोन लावला. आपल्याच नंबरला फोन लावताना विचित्र वाटतं. एका माणसाने उचलला. डोणगावात किराणा दुकान होतं त्याचं, माझा बंद पडलेला नंबर कंपनीने त्याला दिला होता. मी काकूचं, बँकेचं सांगायला लागले, तर त्याने मध्येच विचारलं, "सातातल्या कोनत्या तुमी? खात्याचे शेवटचे आकडे सांगा."

मी सांगितले.

"हाव, हाव. भाजीवाल्या असतीन. थोडे थोडे जमा करतात ना त्या? दोन वर्षांपासून पाहून राह्यलो मी. मधी मधी कापले त्यायचे पैसे, मलेच वाईट वाटलं."

काकूच्या पैशांवर दोन वर्षं कोणाची तरी नजर होती. ती नजर बँकेची नव्हती, माझी तर नव्हतीच. डोणगावच्या एका दुकानदाराची होती. मी त्याला म्हणाले, दादा, आत्ता एक आकडा आला असेल, तेवढा सांगा.

तो म्हणाला, "ताई, राग नका मानू. त्याच्यातच लिहेल हाय ना, कोनालेही सांगू नका, बँकवाल्यालेही नाई. उद्या तुमी कोन निंघाल्या तर? त्या बाईचे पैसे गेले तर माह्या डोक्शावर येईन."

त्याच्यावर रागावणं शक्य नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, वर एक पत्रकही काढलं असतं. मी फोन खिडकीतून साहेबाकडे सरकवला. साहेबाने हात वर केले. "मी कसा बोलू? तो खातेदार नाही." पलीकडून दुकानदार म्हणत होता, "पाहा, हेच म्हणतेत. मी स्वतः दोनदा फोन केल्ता, का ह्या सात बाया माह्या नंबरातून काढा. तर म्हणे तुमी खातेदार नाई."

काकू खातेदार होती, पण तिचा नंबर नव्हता. दुकानदाराचा नंबर होता, पण तो खातेदार नव्हता. मी दोन्हीपैकी काहीच नव्हते. आणि तिघांनाही या खिडकीत मीच आणून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद. त्यानंतर रविवार.

आतल्या केबिनमधून निरोप आला, लेखी अर्ज द्या, वरती पाठवू, आठ-दहा दिवस लागतील. मी अर्ज लिहिला. नंबर बदलून मिळावा, मेसेज बंद करावेत, खातं चालू करावं, बंद असतानाची कपात परत मिळावी. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

"पोच देत नाही आम्ही. अर्ज ठेवून जा."

माझा आवाज चढला. नियम, हक्क, तक्रार, मला जेवढे शब्द येत होते तेवढे मी वापरले. साहेबाने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

काकू खाली बसली. भांडण म्हणून नाही. तिचे पाय भरून आले होते. सोबतच्या पिशवीत बाजारातून उरलेला सांबार आणि पालक होती, माझ्याच हातच्या सुटलेल्या जुड्या. तिने त्या फरशीवर ओतल्या, कमरेची सुतळी काढली आणि बांधायला लागली. मी म्हणाले, काकू, अंगठा. ती म्हणाली, "जुळला ना एक डाव. आता मह्या कामाले मोकळा झाला तो."

फास, दाब, ओढ. फास, दाब, ओढ. रांग तिला वळसा घालून पुढे सरकू लागली. दारावरच्या वॉचमनने हळूच विचारलं, "मावशी, कशी देल्ली पालक?"

"दहाले एक. सांबार फुकट," काकू म्हणाली, आणि खिडकीकडे पाहून, "आमी वरचं घेत नाई."

चार वाजायला दहा मिनिटं असताना साहेब उठून बाहेर आला, माझ्या हातातली प्रत घेतली, शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली. मी ती प्रत चार घड्या करून काकूच्या पासबुकात ठेवली. पहिल्यांदा मला माझ्या लेखी पुराव्याचा आनंद झाला नाही.

रविवारी ओटा दुसऱ्या बाईला गेला. म्हातारीने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, ते काकूने स्वतः पाहिलं. तिने समोरच तर पोतं अंथरलं होतं.

पुढे खातं सुरू झालं. फोन अजूनही काकूकडे नाही, म्हणून नवा नंबरही माझाच लिहिला गेला. मेसेज बंद करण्याचा अर्ज 'प्रक्रियेत' आहे, असं दर खेपेला सांगतात. कापलेलं परत आलं नाही. पैसे काढून आण म्हटलं तर काकू म्हणते, "आता कायले? ओटा थोडीच हाय." सातांपैकी चौघींचे नंबर मी बदलून आणले, एकीचा अंगठा अजून चिंधीत आहे, आणि दोघी दुसऱ्या गावी राहायला गेल्या, त्यांचे मेसेज डोणगावातच येतात. तो दुकानदार आता मला फोन करून सांगतो, कोणाचं काय कापलं ते.

परवा माझ्या फोनवर काकूच्या खात्याचा मेसेज आला: मेसेजची फी कापली. मी तो दोन घरांमधल्या भिंतीवरून तिला वाचून दाखवू की नको, या विचारात उभी होते. फोन वाजलेला तिने ऐकलाच होता. ती ओसरीतून जुडीवरून नजर न उचलता म्हणाली, "वाच, वाच. पैसे देल्ले हायेत वाचाचे."

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. हे वाचून झाल्यावर आई, मावशी, शेजारीण, ज्या कोणी बाईचा फॉर्म कधी तुम्ही भरून दिला असेल, तिच्या घरी जा. तिचं पासबुक मागा. नंबर कोणाचा आहे ते आधी पाहा, आणि मग शेवटच्या पानावरची प्रत्येक कपात तिला मोठ्याने वाचून दाखवा. नंबर तुमचा निघाला, तर सिम बदलण्याआधी तिला सोबत घेऊन बँकेत जा. आणि शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय उठू नका.