खुशाली न लिहिलेलं कार्ड

मुंबईच्या एका मासिकाकडून माझ्या कथा परत येत. साभार परत. पोस्टमन लांबूनच पाकीट हलवून दाखवायचा, म्हणजे सगळ्या वाडीला कळायचं. मॅट्रिक होऊन मालवणच्या बाजारात कापडाच्या दुकानी कारकुनी करायची आणि म्हणे लेखक होणार, अशी माझी चेष्टा चाले. पाचव्या की सहाव्या कथेबरोबर मात्र संपादकांच्या हातच्या दोन ओळी आल्या. पाल्हाळ नको, पहिल्याच वाक्यात वाचकाला धरा आणि शेवटी सगळं सांगून टाकू नका. माझे पाय जमिनीला लागेनात.

आमच्या वाडीत सगळे होडीवर पोट भरणारे. मुंबईची पत्रं मीच लिहून द्यायचो. दुसऱ्याच दिवशी शेजारची काकी कार्ड घेऊन आली. तिचा एकुलता मुलगा गिरणीत होता. निरोप एवढाच होता: बापूस घसरून पडला, आता बरा आहे, चार दिवस दर्यावर जात नाही, काळजी करू नको. मी वर 'श्री' घातला नाही, नमस्कार-चमत्कार गाळले आणि एकदम सुरुवात केली, 'तीन दिवस झाले, बाबांची होडी किनाऱ्यावर उलटी पडून आहे.' मग कोरडं वल्हं, घडी न मोडलेलं जाळं, दारात बसलेली आई. बाबा बरे आहेत हे मुद्दाम लिहिलं नाही. ते न सांगता कळण्यातच तर कला! वाचून दाखवलं तेव्हा काकीने डोळ्यांना पदर लावला.

"काय बरां लिवलंस रे! खुशाली घातलंस मां?"

"ती त्यातच आली," मी ऐटीत म्हणालो.

आमच्याकडे श्री नसलेलं कार्ड आलं की कोणीतरी गेलं असं समजतात. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण मी शेफारलो होतो.

आठव्या दिवशी मुलगा आगबोटीने आला. डोकं तासलेलं, मिशा काढलेल्या. बापूस अंगणात जाळं सांधत बसला होता. त्याने मुलाच्या डोक्याकडे पाहिलं आणि जाळं बाजूला ठेवलं.

"कोण गेलो रे?"

मुलगा बापसाला बिलगला. मग हुंदके देत कार्डात काय होतं ते सांगू लागला. खोलीतल्या कोणीतरी त्याला एकदाच वाचून दाखवलेलं, पण सगळं पाठ होतं. कुंपणाशी मी उभा होतो. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला. माझं लिहिलेलं कोणाला तरी पाठ होतं! मग काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी घरात शिरलो.

म्हाताऱ्याने ते हसण्यावारी नेलं. मुलगा मात्र माझ्याशी बोलेनासा झाला. कथा परत येतच राहिल्या.

दोन वर्षांनी, शिमग्याच्या महिनाभर आधी, म्हातारा झोपेतच गेला. पुतण्याने अग्नी दिला. काकी पुन्हा माझ्याकडेच आली, तिला दुसरं होतं कोण? मी तीन ओळी लिहिल्या, एक शब्द पदरचा घातला नाही. तेराव्यापर्यंत ती प्रत्येक बोटीला धक्क्यावर माणूस पाठवत होती. मुलगा आला नाही, उत्तरही आलं नाही. पोराने आईबापाला टाकलं, असं वाडी बोलू लागली.

शिमग्याला मी बाजारातून परतत होतो. धक्क्याच्या रस्त्यावर तोच समोर आला. केस तेल लावून चापून बसवलेले, काखेत नवी घोंगडी. मला पाहून तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला.

"तुझां कार्ड मिळालां रे लेखका! अक्षर वळखलंय. ह्या खेपेक मी फसलंय नाय." त्याने घोंगडी थोपटली. "बापसाक घेतलंय. घराकडे आसा मां?"

मी त्याच्या काखेतली घोंगडी काढून घेतली आणि त्याच्याबरोबर घराकडे चालू लागलो.