एका पोत्याच्या वजनाचा मनुष्य

अर्जदार: सुप्याच्या पैलतीरी राहणारा, वय पंचेचाळिसाच्या पुढे, धंदा कचेरीच्या ओसरीवर अर्ज लिहिण्याचा, शिक्षण मराठी पाचवी यत्ता पुरी व सहावीची निम्मी.

विरुद्ध पक्ष: अर्जदाराचे स्वतःचे शरीर, विशेषतः कमरेभोवतालचा भाग.

काळ: एका दिवाळीपासून पुढल्या नागपंचमीच्या अलीकडपर्यंत.

साक्षीदार: अर्जदाराची पत्नी, पत्नीचा धाकटा भाऊ, जो हल्याळकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे, काळी नदीवरचा होडीवाला, आणि हिरड्याचा व्यापारी, ज्याच्या काट्यावर अर्जदाराचे वजन झाले. साक्षीदारांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

हकीकत अशी की, गुंद, कुंभारवाडा व त्यापलीकडच्या वाड्यांतून लोक राखीव रानातील लाकडासाठी, चराईसाठी, कोंडवाड्यात गेलेल्या गुरांसाठी माझ्याकडे अर्ज लिहवून घेतात. येताना कोणी दही आणतो, कोणी काकवी, कोणी फणसाचे सांदण. आणलेले खाल्ले नाही तर अर्ज मनापासून लिहिला नाही असे त्यांना वाटते. अर्जाला जोर यावा म्हणून मी वर्षानुवर्षे खात आलो, आणि जोर जिथे जायचा तिथे न जाता माझ्या कंबरेत जमा झाला.

कचेरीला जायला आमची नदी ओलांडायची ती कोरलेल्या लाकडाच्या होडीने. पावसाळ्यात होडीवाला एका बाजूस भाताचे भरलेले पोते ठेवतो व त्याच्या समोर माणूस बसवतो, म्हणजे होडी सरळ राहते. ही इथली जुनी रीत आहे. मागल्या श्रावणात त्याने माझ्यासमोर पोते ठेवले तरी होडी माझ्या बाजूला झुकली, काठावरून पाणी आत आले आणि एका म्हातारीच्या कोंबड्या टोपलीसकट भिजल्या. म्हातारीने त्या वेळी वापरलेले शब्द मी येथे दाखल करत नाही. पैलतीराला लागल्यावर होडीवाला म्हणाला, “अण्णा, उन्हाळ्यात तुमास्नी राजावानी न्हेतो. पन फुडच्या पावसात पानी चढलं की पोत्याएवढाच मानूस घेनार. त्याच्या वर न्हाई.”

मी त्याला बजावले की, याविरुद्ध मी थेट मामलेदारसाहेबांकडे अर्ज करीन.

“करा की,” तो म्हणाला, “पन अर्ज द्यायाला पलीकडं कसं जानार?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. पावसाळ्याचे चार महिने कचेरीला गेलो नाही तर ओसरीवरचा माझा कोपरा कचेरीशेजारी राहणाऱ्या दुसऱ्या अर्जनविसाकडे जाणार, हे निश्चित होते. त्याचे अक्षर बरे आहे, परंतु त्याला ‘सबब’ हा शब्द कुठे घालावा हे कळत नाही. माझी माणसे त्याच्या हाती पडणे मला सहन होण्यासारखे नव्हते.

दिवाळीला कंपाउंडर मेहुणा आला, तेव्हा मी त्याला होडीची हकीकत सांगितली. त्याने विचारले, जेवण किती. मी म्हणालो, बेताचे. त्यावर पत्नीने आतूनच सांगायला सुरुवात केली आणि ती थांबेपर्यंत मेहुण्याचा चहा निवला. सकाळची पेज, दुपारी नदीच्या मासळीची आमटी व सहा डाव भात, रात्री पुन्हा तेच, आणि मधल्या वेळची दही-काकवी तिला ठाऊक होती तेवढी. मेहुण्याने सांगितले की, दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे अन्नात जळणासारखी उष्णता असते, विलायतेत ती मोजतात, आणि अंगाला लागेल त्याहून थोडी कमी घातली की अंग आपली साठवण जाळू लागते. सबब एका जेवणाला चार डाव भात, भाजी हवी तेवढी, आणि पक्षकारांनी आणलेले सर्व घरी आणून मुलाबाळांत वाटावे.

वजनाची सोय हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे झाली. त्याच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात भाताचे पोते, दुसऱ्यात मी, आणि पोत्याकडे दगडी वजने चढवत जायची. पहिल्या बाजाराला इतके दगड चढले की हमालांनी एकमेकांना विचारले, आता डोंगर आणायचा का. पण पुढे बाजारामागून बाजार दगड उतरत गेले. मी काट्यावर बसताना अंगरखा सावरून बसू लागलो आणि लोकांस त्यांच्या शरीरांविषयी सल्लाही देऊ लागलो.

शिवरात्रीनंतर मात्र दगड हलेनात. चार डाव म्हणजे चारच डाव, तरी काटा जागचा हलत नव्हता. मी व्यापाऱ्यास काट्याच्या खरेपणाविषयी तोंडी नोटीस दिली. त्याने शांतपणे पारड्यांत ठाऊक वजने घालून काटा दाखवला व म्हणाला, काटा माझा बरोबर आहे, तुमचे तुम्ही बघा.

शिमग्याला मेहुणा आला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितले की, तुझा हुकूम मी अक्षरशः पाळला आहे. सबब दोष हुकुमाचा आहे. तो हसला.

“दाजी, चुलीचं बघा. मोठ्या चुलीला जळन जास्त लागतं. तुमची चूल आता ल्हान झाली. चार डाव तवा कमी होतं, आता पुरून उरतंय.”

मी म्हणालो की, एकदा दिलेला हुकूम वरिष्ठांनी फिरवल्याशिवाय फिरत नाही, आणि माझ्या जेवणाला वरिष्ठ कोण.

“हुकूम अंगाला लागू हाय,” तो म्हणाला. “अंग बदललं की हुकूम बी बदलनार. दर खेपंला.”

हे मला पटायला दोन दिवस लागले, कारण आमच्या धंद्यात जो हुकूम दर खेपेला बदलतो त्याला हुकूम म्हणत नाहीत. परंतु तीन डावांवर येताच दगड पुन्हा उतरू लागले. चैत्र सरता सरता ते परत अडकले. तेव्हा कोणी सांगण्याची वाट न पाहता मी आपणहून दोन डाव केले, दुपारी ओसरीवर पेंगण्याऐवजी बाजाराच्या टोकापर्यंत चालू लागलो, आणि वैशाखाच्या मध्यावर पोत्याकडे एकच दगड उरला. तो मात्र उतरेना. आकाश भरून येत होते. होडीवाल्याने होडीला तेल पाजून ती नदीत लोटली होती.

आता एका जेवणाला एकच डाव करणे प्राप्त होते. मी पत्नीस तसे कळवले. तिने डाव खाली ठेवला.

“एक डाव कावळ्याला वाढत्यात,” ती म्हणाली. “माझ्या घरात जित्या मानसाला एक डाव न्हाई वाढायची.”

ही रीत मलाही ठाऊक होती. आमच्याकडे भात एकदाच वाढत नाहीत. दुसऱ्यांदा विचारून थोडा तरी वाढतातच, कारण एकदाच वाढलेले ते गेलेल्या माणसाचे. मी युक्तिवाद केला, होडीची आठवण दिली, कोपऱ्याचे भवितव्य मांडले. तिच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा मी युक्तिवाद मागे घेतला. माझ्या कोपऱ्यापेक्षा तिला माझी चिंता अधिक होती. त्या रात्री मी दोन डाव जेवलो, आणि पुढल्या बाजारी तो एक दगड जागच्या जागी होता.

बाजारावरून परतलो तो ती परसात नारळाची लहान करवंटी घासत बसलेली दिसली. तिला बांबूची दांडी बसवून तिने नवा डाव केला होता, आमच्या पितळी डावाच्या निम्म्याहून किंचित अधिक. जेवायला बसल्यावर तिने एकदा वाढले, थांबली, रीतीप्रमाणे विचारले, “भात?” मी म्हणालो, “थोडा.” तिने दुसऱ्यांदा वाढले. रीत राहिली आणि भातही घटला. असा तोडगा मला सुचला नाही याचे कारण मी अर्ज लिहिण्याच्या कामात व्यग्र होतो, हे येथे नमूद करतो.

पाऊस लागण्याआधीच्या शेवटच्या बाजारी दगड न घालता पारडी समोरासमोर उभी राहिली. हमालांनी माझ्या नावाने भंडारा उधळला. आषाढात नदी तांबडी होऊन काठाला आली, तेव्हा होडीवाल्याने पोते ठेवले, मला समोर बसवले, होडीच्या दोन्ही काठांकडे निरखून पाहिले आणि बांबू रोवला. मी कोरडा पार झालो. दुसरा अर्जनवीस माझ्या कोपऱ्यावर चटई पसरत होता; मला पाहून त्याने ती गुंडाळली.

परंतु प्रकरण येथे निकाली निघाले नाही. करवंटीचे दोन डाव तसेच चालू राहिले आणि माझे शरीर थांबायचे विसरले. सध्या होडी पोत्याच्या बाजूला झुकते. मागल्या खेपेस होडीवाल्याने माझ्या मांडीवर एक मोठा फणस ठेवला व म्हणाला, “धरा अण्णा, तुमी कमी पडताय.” फणसाचे काटे अंगरख्यातून लागतात, आणि पक्षकार काठावरून पाहतात. मेहुण्याने निरोप धाडला आहे की, आता एक डाव वाढवा, म्हणजे अंग तिथेच ठरेल. पत्नीचे म्हणणे असे की, एक वाढवला की मी सहावर जाईन, आणि हे तिने पाहिलेले आहे.

सबब स्वयंपाकघराच्या मुख्य अधिकाऱ्यांस विनंती की, अर्जदाराच्या प्रत्येक जेवणास करवंटीचे दोन डाव आहेत ते तीन करावेत. दर बाजाराला अर्जदार काट्यावर बसेल. त्याचे पारडे पोत्याहून खाली गेल्यास तिसरा डाव त्याच दिवशी विनातक्रार काढून घ्यावा. वर गेल्यास चौथ्याचा विचार व्हावा. नागपंचमी जवळ आली आहे व घरात पातोळ्यांसाठी हळदीची पाने आलेली दिसतात, तरी त्याआधी तोंडी का होईना, उत्तर मिळावे. उत्तर नकाराचे असल्यास त्याची कारणे द्यावीत.