ताणा उंदरांनी नाही कापला

परवाच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या हातमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, उंदरांनी कुरतडला. ते चुकीचं होतं. उंदरांची माफी मागते.

आज माझ्याकडे विणायला शिकणारी पायल रडवेली होऊन म्हणाली, "ताई, माह्याच गाठी कच्च्या होत्या काय?" तिचं पहिलंच कापड होतं ते. म्हणून मी धागे पुन्हा नीट पाहिले. सगळे एका सरळ रेषेत, कात्रीने कापलेले.

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, चहा पीत म्हणाले, "मीच कापला. घरात पोरींचा बाजार भरवून राह्यली तू. मले सोयाबीनची पोती ठेवाले जागा पाह्यजे."

ज्यांनी मला विणणं शिकवलं ते बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे बाई, मोठा हाय तो."

नाही जाऊ देणार. मोठेबाबांच्या मुलासाठी, म्हणजे दादासाठी, मुलीकडचे घर पाहायला येताहेत. तेव्हा मी आणि पायल ओसरीवर तो ताणा पसरून एकेक धागा जोडत बसू. कोणी विचारलं, तर कापणाऱ्याचं नाव सांगेन.

दादाचा यात काहीच दोष नाही. त्याचं स्थळ मोडलं तर? तुम्ही काय केलं असतं?

मी मात्र ठरवलंय. येत्या रविवारी, पाहुण्यांच्या हातात चहा असताना.