ग्राउंडवर हरवलेली पाटली

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या रिक्रिएशन ग्राउंडवर मी जेवढे खड्डे खणले, तेवढे तिथल्या सशांनीही खणले नसतील. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, बाईला जुनी नाणी शोधण्याचा छंद आहे. छंद कसला डोंबलाचा. सासूची पाटली लाटल्याचा आळ माझ्यावर होता आणि पाटली सापडली तरच तो जाणार होता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. नवरा आणि मी दोघंही आयटीत, वर्क परमिटवर. जुलैमध्ये मराठी मंडळाचा स्पोर्ट्स डे झाला. लिंबू-चमचा, लंगडी, आणि शेवटी बायकांची रस्सीखेच. अशा वेळी बायका हातातलं-गळ्यातलं काढून कुणाकडे तरी सांभाळायला देतात, आणि ते कुणीतरी म्हणजे हजर असलेली सगळ्यात नवी सून. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी पर्स पोटाशी धरून खुर्चीवर बसले. सासूबाईंच्या पाटल्या पेचाच्या होत्या, त्यांच्या आईने दिलेल्या. एक काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. दुसरीचा पेच निघेना, तेव्हा "देते नंतर" म्हणाल्या आणि गेल्या. रस्सीखेच झाली, त्यांची बाजू जिंकली, सगळ्यांनी आपापलं परत घेतलं. सासूबाईंनी एक पाटली चढवली आणि दुसरा हात पुढे केला.

"दोन्ही तुझ्याकडेच दिल्या की गं," त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की शेजारच्या बायका लगेच दुसरीकडे बघायला लागल्या.

बराच वेळ सगळ्यांनी गवत चाळलं. घरी आल्यावर नवऱ्याने माझी पर्स डायनिंग टेबलवर उलटी केली आणि अस्तरसुद्धा बाहेर काढून बघितलं.

"नीट आठवून बघ ना," तो म्हणाला. "मे बी सेफ राहील म्हणून तू कुठेतरी ठेवली असशील."

मी सांगितलं, मला एकच मिळाली होती. तो म्हणाला, ओके. क्लायंटचं पटलं नाही की तो फोनवर जे ओके म्हणायचा, तेच हे ओके. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या सासरी कुणी तोंडावर काही बोलत नाही, नुसतं वागून दाखवतात. सासूबाई आंघोळीला जातानाही स्वतःची पर्स आत न्यायला लागल्या. बॅगेला कुलूप आलं. पुण्याहून नणंदेचा फोन आला की पहिला प्रश्न, काही सापडलं का. फिरत फिरत गोष्ट माझ्या माहेरी पोचली, आणि एका रविवारी माझ्या सख्ख्या आईने आवाज खाली करून विचारलं, तू घेतली नाहीस ना? त्या दिवशी मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे घरात कुणी विचारलं नाही.

ऑफिसात माझ्या टीममध्ये एक इंग्लिश माणूस होता. तो सुट्टीच्या दिवशी शेतांतून मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा. मी त्याला, काहीतरी हरवलंय, एवढंच सांगितलं. त्याने त्याचं जुनं मशीन दिलं आणि लंच अवरमध्ये कार पार्कच्या कडेला शिकवलं. मग मी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन केला. तिथली बाई म्हणाली, तुमचीच वस्तू असेल तर शोधा, फक्त क्रिकेटच्या पिचला हात लावू नका आणि खड्डे बुजवा. ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी मी ग्राउंडवर जायला लागले.

मशीनची एक गंमत अशी, की लोखंडाचा आवाज वेगळा येतो, तो सोडून देता येतो. पण सोनं आणि कोकच्या कॅनची कडी यांचा आवाज सारखाच. म्हणजे प्रत्येक कडी खणायचीच. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापायचा, झाकणासारखा उचलायचा, मातीत बोटं घालायची, कडी काढायची, चौकोन परत बसवून पायाने दाबायचा. अख्ख्या बर्कशर काउंटीने त्या ग्राउंडवर बसून कोक प्यायला असावा. कड्यांखेरीज मला पेनीची नाणी मिळाली, बुटाचे खिळे मिळाले, आणि एकदा काळं पडलेलं मोठं तांब्याचं नाणं, राणी व्हिक्टोरियाचं. ऑफिसातला तो माणूस ते बघून हरखला. मी ते त्यालाच देऊन टाकलं. कुत्री फिरवणारे म्हातारे लांबून विचारायचे, खजिना सापडला का? मी हसायचे. नवरा एकदाही बरोबर आला नाही. त्याच्या मते हे सगळं जरा ओव्हर होत होतं.

सप्टेंबर संपत आला. फुटबॉलच्या रेघा आखल्या गेल्या, रस्सीखेचीची जागा मी इंच इंच पालथी घातली होती, आणि सासूबाईंची फ्लाइट जवळ आली. त्यांचे कपडे भरायला काढले, तेव्हा त्यांचा जांभळा स्वेटर माझ्या हातात आला आणि मी तशीच उभी राहिले. मला पाटली दिली तेव्हा त्यांच्या अंगात तो नव्हता. रस्सी ओढताना होता. म्हणजे मधल्या वेळात त्या स्वेटर आणायला गाडीकडे गेल्या होत्या, आणि स्वेटर चढवताना दुसरी पाटली तिथेच कुठेतरी काढून ठेवली असणार.

त्या रविवारी मी ग्राउंडच्या कडेला, जिथे गाड्या लावल्या होत्या तिथे गेले. आमची गाडी कुंपणाजवळच्या बाकासमोर होती. तिसऱ्याच खड्ड्यात पिवळं चमकलं. आमच्याच गाडीच्या चाकाखाली येऊन पाटली चिखलात रुतली होती आणि वाकली होती. मी त्या ओल्या गवतात बसून हमसून हमसून रडले. मला खरंच वाटलं, की संपलं.

घरी जाऊन चिखलाच्या हातांनीच मी ती सासूबाईंपुढे ठेवली आणि स्वेटरचं सगळं सांगितलं. त्यांनी पदराने पाटली पुसली, उलटसुलट केली. नवऱ्याने विचारलं, एक्झॅक्टली कुठे होती. मी म्हटलं, आपली गाडी होती तिथे.

"इतके दिवस दुसरीकडे शोधत होतीस," तो म्हणाला, "आणि आई निघायच्या आठवड्यात बरोबर आपल्या गाडीपाशी सापडली?"

मी सासूबाईंकडे बघितलं. देते नंतर म्हणाले होते, एवढे चार शब्द त्यांनी बोलायचे होते.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "मिळाली ना? आता कुणी तिला काही बोलायचं नाही. लहान आहे, होते चूक."

आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग कॉलिंग कार्ड काढून त्यांनी पुण्याला फोन लावला. मी सिंकपाशी नखांतली माती काढत होते. नळ चालू होता तरी मला स्वच्छ ऐकू आलं.

"हो, मिळाली," त्या नणंदेला सांगत होत्या. "दिली बाई तिने परत."