भोकं बुजवलेला खोका

गेल्या गुरुवारी दुपारी मानकोलीला आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये जे झालं, ते लिहू की नको असा चार दिवस विचार करतेय. लाज वाटते. पण लिहितेच.

मी तिथे डिस्पॅच बघते. आणि माझा एक कडक नियम आहे... भोक पडलेला खोका तसाच गाडीत चढवायचा नाही, आधी ब्राऊन टेप मारायची. पार्ट्या फार बेरक्या असतात हो, एवढंसं भोक दिसलं की 'माल उंदरांनी खाल्ला' म्हणून बोंबलत येतात.

त्या दिवशी इंदूरची गाडी सुटून अर्धा तास झाला होता. आमचे मुकादम बाळूदादा, इथल्याच गावातले, चहा पिता पिता कौतुकाने सांगायला लागले, "ताई, त्या होजियारीच्या खोक्याला लय भोकं व्हती. एकसारखी, गोल. सगली बुजवली, येक पन ठेवलं न्हाय."

मी "शाब्बास" म्हटलं. आणि मग हातातला चहाचा कप खाली ठेवला. उंदीर एकसारखी गोल भोकं कधीपासून पाडायला लागले? आणि गंजीफ्रॉकना हवा कशाला लागते?

आतून काही आवाज येत होता का, विचारलं. न्हाय म्हणाले. मग आठवून, "थोडं खरखरलं व्हतं... मना वाटला प्लॅस्टिक असंल."

ड्रायव्हरचा मोबाइल लावला, नॉट रिचेबल. परत लावला, परत तेच. एप्रिलचं ऊन, वर ताडपत्री, आणि गाडी इंदूरला पोचणार दुसऱ्या दिवशी... बाळूदादांनी बाइक काढली, मी मागे बसले.

नाशिक हायवेवर मी जन्मात पहिल्यांदा देवाला म्हटलं, आज जॅम लागू दे. मेला रोज लागतो, त्या दिवशी नाही! पण पडघ्याच्या पुढे एका ढाब्यावर आमची गाडी उभी दिसली.

ड्रायव्हर जेवत होता आणि ताडपत्री सोडायला तयार होईना. "मॅडम, फिर से बांधने में एक घंटा जाएगा." माझं डोकंच फिरलं. ओढणी कमरेला बांधली आणि स्वतःच चढले ट्रकवर... मग आला तो मुकाट्याने.

खोका तिसऱ्या थरात होता. टेप काही केल्या निघेना, नखं तुटली माझी, शेवटी बाळूदादांनी बाइकच्या किल्लीने फाडली. आतून गरम वाफ तोंडावर आली.

पोपटाची पिल्लं होती. पिसंही धड न फुटलेली, एकावर एक रचलेली, चोची उघड्या टाकलेली. वरची हलत होती... खालची नाही.

मी तिथेच, सगळ्या ढाब्यासमोर रडले. तो ड्रायव्हर पळत जाऊन पाणी घेऊन आला आणि बोटाने एकेकाच्या चोचीला थेंब लावत बसला. त्याचं ताट तसंच राहिलं.

वनखात्याला फोन केला. आलेला गार्ड शांत माणूस होता. म्हणाला, अंधारात पाखरं गप्प राहतात, म्हणून खोक्यातून नेतात. निम्मी वाटेत मरतात, ते या पाखरं विकणाऱ्यांनी धंद्यात धरलेलंच असतं.

माझा संताप संताप झाला. काय माणसं आहेत की राक्षस, असं बरंच काही बोलले मी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, या पार्टीचे असे खोके आधीही गेलेत का?

मी 'छे' म्हणणार, तेवढ्यात बाळूदादा म्हणाले, "जातात ना. होळीपासून दर हप्त्याला येक हाय." मग खाली बघत हळूच, "भोकं मीच बुजवतो, सायेब. नियम हाय आमचा."

'आमचा' म्हणाले ते. माझं नाव नाही घेतलं.

जिवंत पिल्लं वनखात्याने नेली, पार्टीवर केस झाली. ऑफिसात सगळे माझी पाठ थोपटताहेत... कृपा करून तुम्ही तरी थोपटू नका. थोपटायचीच तर बाळूदादांची थोपटा, त्यांना कुणी न विचारता खरं बोलले म्हणून.

होळीपासूनचे ते सगळे खोके माझ्या सहीने गेलेत. 'मला माहीतच नव्हतं' असं स्वतःला सांगून बघते... पण खरं एवढंच आहे, की मी कधी विचारलंच नव्हतं.