मामीने नाव घेतले

आमच्या मामीच्या घरात बिननावाची वस्तू दोन दिवससुद्धा टिकलेली नाही. साकोलीला हायवेलगत मामांचे बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे, त्याच्या मागे घर आहे, आणि या दोहोंच्या मधल्या एकूण एक वस्तूचे मामीने बारसे केलेले आहे. मिक्सर म्हणजे भांडखोर. इन्व्हर्टर म्हणजे कामचुकार. गोंदियाहून येणारी आणि गिअर बदलताना हुंदका देणारी एसटी म्हणजे रडकी. ‘रडकी गेली का वं?’ असे मामीने विचारले की अख्खी गल्ली घड्याळात बघते. शेजारी एक निवृत्त अधिकारी राहतात. ते सकाळी चूळ भरण्याआधीसुद्धा व्यासपीठावर उभे असल्यासारखा घसा साफ करतात. त्यांचे नाव मामीने ‘दोन शब्द’ असे ठेवले, आणि आता त्यांच्या बायकोच्या तोंडीही तेच बसले आहे.

अशा या मामीने लग्न झाल्यापासून एकच नाव कधी उच्चारले नव्हते, आणि ते नवऱ्याचे. मामांचे नाव शालिकराम. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका त्या पिढीत पुष्कळ आहेत; पण त्या उखाण्यात घेतात, बँकेत घेतात, निदान भांडणात तरी घेतात. मामीला या सवलती मान्य नव्हत्या. लग्नकार्यात आग्रह झालाच तर ती चांगला लांबलचक उखाणा रचायची, नावाच्या जागी येऊन थांबायची आणि समोरच्या एखाद्या पोरीला म्हणायची, ‘इथं तू घाल वं.’ बँकेत कारकुनाने पतीचे नाव विचारले तेव्हा तिने रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे ओढले. ‘याले इचारा. हा आमच्याच दुकानातून युरिया नेते.’ एकदा दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत मामा गर्दीत हरवले. मामी तडक लाऊडस्पीकरवाल्याकडे गेली. ‘सुषमाचे बाबूजी हरवले,’ तिने लेकीचे नाव पुढे करून सांगितले. त्याने नाव विचारले, तर म्हणाली, ‘पांढरा सदरा आहे, टक्कल आहे, आन् कुठंतरी भजे खात असन.’ त्याने तसेच्या तसे पुकारले. थोड्या वेळात मंचाजवळ पांढऱ्या सदऱ्यातले, टक्कल पडलेले, हातात भज्यांचा पुडा घेतलेले पाच-सहा गृहस्थ चिंताक्रांत चेहऱ्याने येऊन उभे राहिले. त्यांत मामा नव्हते. ते जिलबी खात होते.

मागच्या वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत मामी स्वयंपाकघरात हातात झारा घेऊन नुसती उभी राहिली. ‘हे... हे...’ एवढेच तिच्या तोंडून निघाले आणि उजवा हात थडथड उडू लागला. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेले. तिथे दारातच संगमरवरी धबधबा आहे. तो पाहूनच गरीब पेशंटला आपण बरे होणे परवडणार नाही हे कळते. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. बोलण्याची जागा अगदी तिला लागून. मोठ्या सर्जननी पडद्यावर मामीचा मेंदू उजळून दाखवला आणि पुढचा बेत सांगितला: डोके उघडायचे आणि मामीला जागी ठेवायची. मेंदूवर एकेका ठिकाणी बारीक विजेचा स्पर्श करायचा, त्याच वेळी तिला चित्रे दाखवायची, तिने नावे सांगायची. जिथे स्पर्श होताच बोलणे अडेल तिथे खूण ठेवायची आणि ती जागा राखायची. असा बोलण्याचा नकाशा तयार झाला की उरलेल्या वाटेने गाठ काढायची.

  मामांनी विचारले, ‘म्हणजे डोकं उघडं, आन् ते बोलत राहीन?’

‘मेंदूला स्वतःला वेदना नसते,’ सर्जन म्हणाले. ‘वरची कातडी बधिर करतो.’

‘दुखाचं नाई म्हणत साहेब. ते एकदा बोलाले लागली तं तुमचं काम कवा होईन?’

आदल्या दिवशी पुण्याची एक मुलगी चित्रांची कार्डे घेऊन आली. भाषा तपासणे हे तिचे काम. पेशंटला जी नावे आधीच येत नाहीत ती ऑपरेशनच्या वेळी विचारायची नसतात, म्हणून ही रंगीत तालीम. मामीने चमचा, छत्री, कुलूप असे सगळे ओळखले. बकरीच्या चित्राला दाढी नव्हती म्हणून चित्रकाराचा उद्धारही केला. मग त्या मुलीने विचारले, ‘तुमच्या पतींचं नाव?’ मामी गप्प. पुन्हा विचारले. मामीने पदर सावरला आणि भिंतीकडे पाहिले. मुलीचा चेहरा उतरला. ती सर्जनना घेऊन आली, सर्जन चार शिकाऊ डॉक्टर घेऊन आले, आणि सहाही जणांनी मामीला तेच विचारले. गाठीने जवळच्या माणसांची नावे आधीच पुसली असावीत, असे गंभीर आवाजात ठरू लागले. तेव्हा कोपऱ्यातून मामा ओशाळून म्हणाले, ‘साहेब, ते गाठीनं नाई केलं. ते लग्नापासूनच तसं आहे.’ प्रश्न यादीतून वगळला गेला. पुण्याच्या मुलीने मामांकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही.

ऑपरेशन चालू असताना मामी आत बोलत होती, हे त्या मुलीनेच नंतर सांगितले. सर्जनचा मास्क बघून ‘तोंड बांधून काहून चोरावानी उभे आहा?’ असे ती म्हणाली म्हणे. कुलपाच्या चित्रावर मात्र तिचे बोलणे कापल्यासारखे थांबले. सर्जननी हात मागे घेतला, खूण ठेवली, आणि बोलणे परत आले. बोलण्याच्या जागेला चिकटलेला गाठीचा एक पापुद्रा त्यांनी मुद्दाम तसाच सोडला. सूज उतरेपर्यंत बोलणे अडखळेल, घाबरू नका, असेही बजावले. आम्ही घाबरायचे नाही असे ठरवून घाबरलो.

आणि खरेच, त्यानंतर मामी बोलेना. डोक्याला पांढरे बांधलेले, डोळे टक्क उघडे, आणि चमचा दाखवला तरी ओठ नुसते हलायचे. सगळ्या जगाला नावे देणारी बाई छताकडे बघत पडलेली आम्हांला बघवेना. सुषमा बाहेर जाऊन रडून यायची. मामा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून असायचे. मग एका दुपारी मामीने पाण्याच्या ग्लासाकडे हात केला, ओठ जुळवले, जोर लावला आणि स्पष्ट म्हणाली, ‘शालिक.’

मामा ‘ओ’ म्हणून ताडकन उभे राहिले. सुषमाच्या हातातले संत्रे खाली पडले. मामीला स्वतःलाच असा धक्का बसला की तिने तोंडावर हात दाबला, आणि त्या हाताच्या आडून पुन्हा ऐकू आले, ‘शालिक.’

पुढचे कित्येक दिवस तिच्याजवळ हा एकच शब्द होता. कधीकधी एखादा शब्द असा अडकून बसतो, बाकीचे हळूहळू येतात, असे पुण्याच्या मुलीने समजावले. तोवर उशी म्हणजे शालिक, औषध म्हणजे शालिक, पंखा बंद करा म्हणजेही शालिक. मामीची धाकटी बहीण भेटायला आली आणि हे ऐकून तिने चक्क दार लावून घेतले. ‘बाई वं, लोकं काय म्हणतीन!’ मोठे सर्जन सगळा ताफा घेऊन आले, खाली वाकले आणि प्रेमळपणे म्हणाले, ‘सांगा बरं, मी कोण?’ मामीने त्यांना नीट निरखून पाहिले आणि त्यांनाही शालिक ठरवले. मामा मात्र दर वेळी ‘ओ’ द्यायचे. सुषमा म्हणाली, ‘बाबूजी, ते तुमाले नाई बोलावून राहिली. तिले चादर पाहिजे.’

‘मालूम आहे मले,’ मामा चादर ओढत म्हणाले. ‘पण नाव तं माहंच घेते न.’

साकोलीला परत आल्यावर शब्द एकेक करून उगवू लागले. आधी पाणी आले, मग चहा, मग भांडखोर. पुण्याची मुलगी फोनवरून कार्डे दाखवायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो. प्रत्येक शब्द आला की तेवढ्यापुरते मामांचे नाव मागे सरायचे. मामाही आमच्याबरोबर टाळ्या वाजवायचे, जरा उशिराने. शेवटी एका सकाळी मामी अंगणातून खणखणीत आवाजात म्हणाली, ‘अवो सुषमाचे बाबूजी, चहा थंडा होऊन राहिला!’ सुषमाने पळत जाऊन पेढे आणले. ‘दोन शब्द’ दोन शब्द बोलायला आले आणि बराच वेळ बोलले.

त्या संध्याकाळी मी मामांजवळ दुकानात बसलो होतो. एक गिऱ्हाईक ‘येतो शालिकभाऊ’ म्हणून गेले. मामा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

‘कोणी भाऊ म्हणते, कोणी शेठ म्हणते,’ ते म्हणाले. ‘नुसतं शालिक म्हणे ते माही माय. माय गेल्यावर ते नाव कोणी हाकेत घेतलंच नोहोतं.’ थोडा वेळ त्यांनी काट्यावरचे वजन उगीच इकडचे तिकडे केले. ‘बरी झाली, चांगलं झालं. सगळे शब्द जाग्यावर आले. एखादा तसाच राहून गेला असता, तं काय बिघडत होतं म्हणा.’

 तेवढ्यात मागच्या घरातून मामीचा आवाज आला, ‘अवो, आयकता का? जेवाले या!’

मामांनी क्षणभर वाट पाहिली. मग ‘आलो’ म्हणाले आणि उठले.