दहाव्याचं भाषण

बायकोच्या दहाव्याला भाषण नको, एवढं एकच मी घरात सांगितलं होतं. मंडप कुणाचा, जेवायला काय, प्रवचनाला कोण, कशात तोंड घातलं नाही. पण भाषण नको म्हणजे नको.

आमच्याकडं दहावा म्हणजे निम्मी सभाच असते. प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवायचा, कावळा शिवला की प्रवचन उरकायचं, आणि मग माईक पुढाऱ्यांच्या हातात जातो. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, डेअरीवाला, ज्याला पुढच्या खेपेला उभं राहायचंय तो. मेलेल्या माणसाला जन्मात पाहिलेलं नसलं तरी मनमिळाऊ होते म्हणतात. ते मला चालतं. मनमिळाऊ म्हटल्यानं कुणाचं काही जात नाही. मला धास्ती होती ती कॉम्रेडची.

बायको जन्मभर बिड्या वळायची. मी गवंडी. मी सकाळी थापी घेऊन निघालो की ती मांडीवर सूप घेऊन शेजारणींबरोबर ओट्यावर बसायची, संध्याकाळी आलो तरी तशीच बसलेली. हातांना तंबाखूचा वास, तो साबणानं जायचा नाही. बिडीवाल्या बायकांची लाल बावट्याची युनियन होती आणि कॉम्रेड त्यांचे पुढारी. सभेहून तिला आणायला मी जायचो, सायकल धरून मागं उभा राहायचो. त्यामुळं मीही ती सगळी भाषणं ऐकली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण भाषणं मात्र एम.ए. होईल इतकी ऐकली.

भाषण एकच असायचं. भांडवलशाही अरिष्टात सापडली आहे. हे तिचं शेवटचं अरिष्ट आहे. मालक बुडणार, राज्य कष्टकऱ्यांचं येणार. आधी म्हणायचे, रशियात बघा. मग रशिया मोडला. मला वाटलं, आता गडी गप बसेल. पुढच्याच सभेला म्हणाले, आता भांडवलशाहीला धाक उरला नाही, ती माजणार आणि माजूनच मरणार. म्हणजे रशिया असला तरी ती मरणार, नसला तरी मरणार. पुढं अमेरिकेत बँका बुडाल्या, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटायचेच बाकी होते. करोनात पुन्हा तेच. प्रत्येक वेळी शेवटचं.

इकडं आमचा बिडी कारखानदार काय करत होता ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्याच्या भिंती मीच बांधत होतो. शिर्डीला त्यानं लॉज काढलं. भाविकांची गर्दी वाढत गेली तसे मजले वाढत गेले. कॉम्रेड इकडं त्याला माईकवरून बुडवायचे आणि मी तिकडं त्याचा वरचा मजला चढवायचो. घरी आलो की ती विचारायची, "कितवा?"

"तिसऱ्याचा स्लॅब टाकला."

"नीट बांधा बरं का. कच्चं ठिवू नका. उद्या आपल्यालाच ऱ्हायचंय तिथं."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, ते भाषण हिच्या हाडात मुरलंय. म्हणायचो, "अगं येडे, तो बुडत नसतो. बुडायचं आसतं ते आपल्यालाच."

 मागं तिच्या सुपातलं पुढचं पान वाजायचं.

झालंही तसंच. बुडाली ती बिडी. पोरं गुटख्याच्या पुड्या तोंडात टाकायला लागली, बिडी ओढणारे म्हातारे खोकत खोकत गेले. मालकानं कारखान्याला कुलूप घातलं आणि जागेवर मंगल कार्यालय उभं केलं. त्याच्या पायाचे दगडही माझ्याच हातचे. कॉम्रेड सभेत म्हणाले, पाहा, हेच ते अरिष्ट! मी मागून सायकलची घंटी वाजवली. लोक हसले. ती हसली नाही, निदान मला तरी दिसली नाही.

मग तिचा श्वास अडकायला लागला. तंबाखूची धूळ इतकी वर्षं छातीत गेली, ती काय फुकट राहते? नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटी घरीच खाट टाकली. कॉम्रेड भेटायला आले, तेही काठी टेकत. तिच्या उशाशी बसले आणि सांगायला लागले, ताई, जगभर काय चाललंय बघा, आता फार दिवस राहिले नाहीत. ती मान हलवत होती. मी चहा टाकायच्या नावाखाली उठून गेलो. कुणाचे फार दिवस राहिले नव्हते ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं.

त्या पंधरवड्यातच ती गेली. म्हणून मी ठरवलं होतं, कॉम्रेडचं भाषण नको. जिला आयुष्यभर उद्या, उद्या म्हणून बसवून ठेवलं, तिला निदान निरोप देताना तरी कुणी थाप मारायची नाही.

लेक माझ्यावर उखडली. "आबा, आईच्या दहाव्याला त्यांना न्हाई बोलू द्यायचं? मग कुनाला? त्या डेअरीवाल्याला? त्याला आईचं नाव तरी ठावं हाय का?"

"बोलू दे त्याला. मनमिळाऊ म्हनंल आन बसंल."

"आई आस्ती तर तिनं त्यांनाच पयलं उभं केलं आस्तं."

ते खरं होतं, म्हणून मी चिडलो. पण दहावा तिचा होता, माझा नव्हता. शेवटी म्हटलं, ठीक आहे, बोलू दे, पण फक्त तिच्यावर.

घाटावर मुलानं पिंड ठेवला. मला आत कुठंतरी वाटत होतं, कावळा शिवणार नाही. तिचा जीव त्या येणाऱ्या राज्यात अडकला असणार. मग पिंडापुढं हात जोडून काय सांगायचं? येईल म्हणून? पण कावळा लगेच उतरला, भाताला चोच मारली आणि निवांत खात बसला. कुणीतरी म्हणालं, बाई मोकळी होती. मला उगीचच खटकलं. एवढी मोकळी कशी?

डेअरीवाला मनमिळाऊ म्हणून बसला. कॉम्रेड उठले. माईककडं जाताना माझ्याजवळ थांबले. "मिस्तरी, दोन शब्द बोलतो."

"तिच्यावर बोला. अरिष्ट नको."

"तिच्यावरच."

आणि बोलले. चांगलं बोलले. कारखान्यातला मुकादम प्रत्येक बाईच्या मालातून मूठ मूठ बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा, वाईट माल म्हणायचा आणि त्याच बिड्या पुढं विकायचा. एक दिवस ही दारात आडवी बसली. छाट काढायची तर आमच्यासमोर सुपात टाकून कात्रीनं कापा, म्हणाली. बाकीच्या बायका तिच्यामागं बसल्या. मुकादमाला घरी जेवायला जाता येईना. शेवटी छाट बंद झाली. हे मला ठाऊक होतं, पण माईकवरून ऐकताना मी टॉवेलानं तोंड पुसलं. मनात म्हटलं, बास, आता इथंच थांबा.

"पण बंधू-भगिनींनो," कॉम्रेड म्हणाले, "ताईंचं स्वप्न छाटीपुरतं नव्हतं. आज जागतिक भांडवलशाही अशा अरिष्टात सापडली आहे की..." आणि गाडी सुटली. अमेरिका, चीन, तेलाचे भाव, आता यंत्रंच विचार करायला लागली, मालकांना आपलाच माल घ्यायला गिऱ्हाईक उरणार नाही. समोर बिडीवाल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. सगळ्या तशाच मान हलवत होत्या, जशी ती खाटेवर हलवायची. ते मला बघवेना. मी उभा राहिलो.

"कॉम्रेड, थांबा. ती गेली. आता तिला तरी वायदे करू नका."

 माईक नुसता घूं करत होता. मुलानं मुंडलेलं डोकं खाली घातलं. कॉम्रेडचं तोंड उघडंच राहिलं.

"दाजी, खाली बसा." ही आमची शेजारीण. तिच्याबरोबर एका ओट्यावर म्हातारी झालेली.

"तू गप बस. जन्मभर फसवलंय तुमाला."

"आमाला? आमी काय कुकुली बाळं हुतो व्हय?" ती गुडघ्यावर हात टेकून उठलीच. "कोन बुडतंय आन कोन चढतंय ते आमाला दिसत न्हवतं? तुमी रोज मजला सांगायचे न्हाई का हिला? दुसऱ्या दिशी वट्यावर आली की म्हनायची, 'बायांनो, आपला तिसरा झाला गं. कुनाला कुठली खोली पायजे ती आत्ताच बोला, मागून भांडायचं न्हाई.' आमी हसून हसून तंबाखू सांडायचो. मला तिनं नदीकडच्या खिडकीची दिल्ती."

"शिर्डीत कुठली आलीय नदी?" मागून दुसरी म्हणाली.

"म्हनून तर दिल्ती!"

म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दहाव्याला, घाटावर. लेकही रडता रडता हसली. कॉम्रेड माईक हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "आणि मला कुठली होती?"

"तुमाला जिन्याखालची. तुमी रात्रंदिस बोलता म्हनून."

मग ती माझ्याकडं वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ती म्हनायची, कॉम्रेडचं निम्मं सोडून द्यायचं आन निम्मं धरायचं. छाट गेली न्हवं? तेवढी सभेला बसूनच गेली. आन सभेच्या दिशी मांडीवर सूप नसायचं, दाजी. तेवढंच हात मोकळं."

"मला कधी बोलली न्हाई."

"तुमाला काय बोलनार? तुमी लगेच बुडायचं काढायचे."

कॉम्रेडनी दोन वाक्यांत आटपलं. जाताना माझा हात धरून म्हणाले, "मिस्तरी, पण येणार आहे हो ते." मी म्हटलं, "तुमच्या-माझ्या हयातीत?" ते काठी टेकत पायऱ्या चढून गेले. माझं मत काही बदललेलं नाही. ती भाषणं पोकळ होती, आजही पोकळच आहेत, आणि मालकाच्या लॉजवर आता लिफ्ट आहे.

तिचं सूप खुंटीवर आहे. लेक म्हणते, काढून टाकू, वास येतो. मी काढू देत नाही. त्या सुपाखाली बसून मी एकच गोष्ट आठवायला बघतो. नीट बांधा, उद्या आपल्यालाच ऱ्हायचंय तिथं, असं ती म्हणायची तेव्हा तिचं तोंड कसं व्हायचं? ओठ दाबून हसत असणार. डोळ्यांत काहीतरी असणारच. कितीदा म्हणाली असेल, मोजदाद नाही. पण तोंड काही केल्या समोर येत नाही. कामावरून आलो की पाय सिमेंटनं भरलेले असायचे. मी दारातल्या दगडावर बसून ते धूत असायचो, तोंड रस्त्याकडं. ती माझ्या पाठीमागून बोलायची.